नाव कोरण्याआधी: लष्करी स्मशानभूमी आणि वीरांची स्मारके, वाचकांचे प्रश्न

शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकांच्या कबरी, त्यांची नावे कोरलेले फलक आणि गावोगावी उभी राहणारी स्मारके यांबद्दल बरीच पत्रे आली. सारख्या विषयाच्या पत्रांना एकत्र उत्तर दिले आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन हे लांबलचक नाव पुढे वारंवार येईल, म्हणून त्याला नुसते ‘कमिशन’ म्हटले आहे. दोन्ही महायुद्धांतल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या, म्हणजे आपल्याही सैनिकांच्या, कबरी आणि स्मारके सांभाळणारी ही संस्था १९१७ साली स्थापन झाली.

प्रश्न (माणगाव, जि. रायगड): व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे आमच्या तालुक्यातले. आम्ही काही जण इटलीला जाणार आहोत. त्यांची कबर नेमकी कुठे आहे?

उत्तर: कबर नाही. तिचा शोध घेण्यात दिवस घालवू नका. नाईक यशवंत घाडगे हे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे मोर्चावर धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीच्या दस्त्याने तुटून पडले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून ते पडले. ज्या सैनिकांच्या दफनाची वा दहनाची जागा नोंदीत नाही, त्यांची नावे इटलीत कसिनो स्मारकावर आहेत. घाडगे यांचे नावही तिथेच आहे.

हे स्मारक कसिनो युद्धस्मशानभूमीच्या आवारातच आहे. गाव रोमच्या आग्नेयेला, सुमारे १४० किलोमीटरवर. आवारात ४,२७१ कबरी आहेत आणि स्मारकाच्या फलकांवर चार हजारांहून अधिक नावे. नुसते आडनाव घेऊन शोधायला लागलात तर ऊन डोक्यावर येईल. फलकांवरचा क्रम असा असतो: आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर. म्हणजे आधी मराठा लाइट इन्फंट्रीचा फलक, त्यात नाईक हुद्द्याखालची नावे, आणि त्यात घाडगे. त्याहून सोपे म्हणजे, निघण्यापूर्वी कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून फलकाचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. फोनवर विसंबू नका.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण तिथे पोहोचल्यावर बरेच जण नाराज होतात. नाव मोठ्या अक्षरांत नाही, सोनेरी नाही, वेगळ्या चौकटीत नाही. शेजारच्या नावाएवढेच, आणि पुढे व्हिक्टोरिया क्रॉसची दोन इंग्रजी अक्षरे. जनरल असो की शिपाई, श्रीमंत असो की गरीब, दगड एकाच मापाचा, हे कमिशनचे पहिल्या महायुद्धापासूनचे धोरण आहे. उभ्या शिळेच्या कबरींनाही तोच नियम: ८१ सेंटिमीटर उंच, ३८ सेंटिमीटर रुंद, साधारण साडेसात सेंटिमीटर जाड. व्हिक्टोरिया क्रॉस किंवा जॉर्ज क्रॉस असेल तर दगडाच्या मधोमध, जिथे एरवी धर्मचिन्ह असते तिथे, त्या पदकाची आकृती कोरतात. बाकी पदकांसाठी नावापुढे फक्त आद्याक्षरे. यात मानाची कमतरता शोधू नये. हजारो सारख्या दगडांत पदकाची आकृती असलेला एक दगड लांबूनही डोळ्यात भरतो.

मोंतोने हे पेरुजा प्रांतातले गाव. तिथे जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले. मात्र कसिनो आणि मोंतोने यांच्यात ३०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एका दिवसात दोन्ही बसवू नका.

तिथे गेल्यावर काही पथ्ये. फुले वाहायला हरकत नाही. पण कुंकू, हळद, गुलाल, तेल दगडाला लावू नका. दगड तेल आत शोषतो, आणि तो डाग नुसत्या धुण्याने जात नाही. नारळ फोडायचा तर दगडावर नको. नावाचा फोटो भर दुपारी घेतला तर अक्षरे पुसट येतात. सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात, प्रकाश बाजूने पडत असताना घ्या. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळण्याची युक्ती कुणी सुचवेल, ती करू नका. आणि तिथली मूठभर माती गावात आणायचा बेत असेल तर तो आताच सोडा. परदेशी माती भारतात आणायला वनस्पती संगरोधाच्या नियमांनुसार परवाना लागतो. तो नसेल तर माती विमानतळावरच राहते.

प्रश्न (संगमनेर): निमजचे नामदेव जाधव यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्यांचे नाव कमिशनच्या यादीत शोधले, सापडत नाही. हा अन्याय नाही का?

उत्तर: नाही. नियम मृत्यूच्या तारखेचा आहे, पदकाचा नाही. कमिशनच्या यादीत पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांची नावे येतात. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीवर दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणले, मग शत्रूच्या मशीनगनचे तीन मोर्चे उडवले. त्यातून ते जगले, आणि १९८४ साली वारले. जिवंत परतलेल्या वीराला युद्धस्मशानभूमीत जागा नसते, आणि ते चांगलेच आहे.

मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे परमवीर चक्र विजेते राम राघोबा राणे १९९४ मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या बाबतीत तर पदकही १९४८ च्या काश्मीर लढाईतले, म्हणजे ती मुदत संपल्यानंतरचे. अशा वीरांचे स्मारक करायचे ते रेजिमेंटने, शासनाने किंवा गावाने.

एक अपवाद लक्षात ठेवा. सैनिक सेवेतून मुक्त झाला, पण सेवेत झालेल्या जखमेने किंवा आजाराने त्याच मुदतीत वारला, तर त्याचे नाव आजही घेतले जाऊ शकते. त्यासाठी डिस्चार्जचे कागद आणि मृत्यूच्या कारणाचा पुरावा लागतो. ‘लढाईहून आल्यावर खंगून गेले’ एवढी घरातली आठवण पुरत नाही.

प्रश्न (पुणे): खडकीच्या युद्धस्मशानभूमीत गेलो. सगळी नावे इंग्रजच दिसली. आपले जवान कुठे आहेत?

उत्तर: होळकर पुलाजवळची ही जागा मुळात पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी एकत्र आणण्यासाठी केलेली आहे. ज्या गावांत त्या कायम सांभाळल्या जातील याची खात्री नव्हती, तिथल्या कबरी इथे हलवल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या इथल्या कबरी १,६६८. देशात वारलेल्या भारतीय सैनिकाचे अंत्यसंस्कार बहुधा त्याच्या धर्माप्रमाणे जागीच झाले, म्हणून कबरींत आपली नावे कमी दिसतात. कबरींखेरीज इथल्या स्मारकांवरची नावेही वाचा. पहिल्या महायुद्धात भारतात वारलेल्या आणि जागोजागच्या छावण्यांच्या स्मशानभूमीत पुरलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे तिथे आहेत. मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून १९६२ साली इथे हलवलेल्यांची नोंदही आहे.

प्रश्न (सातारा): हिंदू सैनिकांचे दहन झाले असेल तर ‘स्मशानभूमीत स्मारक’ म्हणजे नेमके काय?

उत्तर: दहनस्मारक. स्मशानभूमीच्या आवारातच वेगळी भिंत किंवा चौथरा, त्यावर दहन झालेल्यांची नावे. कोहिमाला १,४२० कबरी आहेत आणि ९१७ हिंदू व शीख सैनिकांच्या नावांचे दहनस्मारक. इटलीत मराठ्यांच्या पलटणी लढल्या त्या भागात फोर्ली येथे ७६९ नावांचे, आणि सांग्रो नदीच्या स्मशानभूमीत पाचशेहून अधिक नावांचे दहनस्मारक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आलेल्या आणि कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे नव्ह शापेल इथे आहेत. ते स्मारक १९२७ मध्ये खुले झाले. काही हिंदू सैनिकांच्या स्वतंत्र शिळाही आढळतात. त्यांवर क्रॉसच्या जागी देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ असते. त्यामुळे कमिशनच्या संकेतस्थळावर शोधताना ‘कबर’ हाच एक पर्याय निवडू नका, ‘स्मारक’ हाही निवडा. नाहीतर नाव असूनही सापडत नाही.

प्रश्न (चिपळूण): पणजोबा मेसोपोटेमियात १९१६ साली गेले. घरात एक काशाची मोठी गोल तबकडी आणि दोन पदके आहेत. त्यांना ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ हे शौर्यपदक मिळाले होते असे वडील सांगत. बसऱ्याच्या स्मारकावर नाव आहे का, ते कसे कळेल? नसेल तर घालता येईल का?

उत्तर: हा प्रश्न कोकणातून सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

आधी घरातल्या वस्तू वाचा. ती तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची असेल तर ती मृत सैनिकाच्या वारसाला दिलेली ब्राँझची स्मृतितबकडी आहे. तिच्यावर उठावात नाव असते, हुद्दा मुद्दाम दिलेला नाही. तिथे तीच समानतेची भूमिका. पदकांची गोष्ट वेगळी. पदकाची कड, म्हणजे जाडीची बाजू, भिंगाखाली फिरवून पाहा. त्यावर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तुमच्या शोधाची किल्ली ती कडच आहे. म्हणून पदक कधीही पितांबरी, राख किंवा ब्रासोने घासू नका. पुढचा राजाचा चेहरा चकाकतो आणि कडेचा क्रमांक झिजून जातो. कडेवर कारकुनाने जसे इंग्रजी स्पेलिंग ठोकले असेल, तसेच ते शोधायचे. आज घरात लिहितात तसे नव्हे. ‘शिंदे’ कुठे ‘सिंदे’ होतो, ‘राव’ आणि ‘राऊ’ यांची अदलाबदल होते, आणि कित्येकदा आडनाव लागतच नाही, नुसते नाव आणि वडिलांचे नाव असते.

पलटणीचा क्रमांक तीन आकडी असेल तर गोंधळू नका. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पलटणींची ५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ची पहिली बटालियन, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी आणि ११४ची दहावी. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) यांतल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी होत्या. पणजोबांचे साल १९१६ आणि पलटण यांतली असेल तर दोन शक्यता राहतात: वेढ्यात किंवा शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत. मृत्यूची तारीख एप्रिलच्या आधीची की नंतरची यावरून ते बरेचसे ठरते.

आता बसऱ्याविषयी. या स्मारकावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे. पण दगडावर भारतीय सैनिकांची नावे शोधू नका. नावे कोरली ती ब्रिटिशांची आणि अधिकाऱ्यांची. भारतीय शिपाई, नाईक, हवालदार यांचा पलटणीगणिक नुसता आकडा दिला. म्हणजे वर सांगितलेली समानता सगळीकडे पाळली गेली नाही. पदक मिळवलेला हवालदारही त्या आकड्यातच गेला. शिवाय स्मारक मूळ जागेवर नाही. १९९७ मध्ये ते बंदरातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटरवर नेले. तिथे जाण्याचा बेत तूर्त करूच नका. नावे कागदी नोंदवह्यांत होती आणि आता कमिशनच्या संकेतस्थळावर आहेत. घरबसल्या शोधा.

शोधताना नावापासून सुरुवात केली तर शेकडो ‘राम’ आणि ‘बाबाजी’ निघतील. त्यापेक्षा देश, साल आणि रेजिमेंट एवढेच भरा. मग जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गावाचे नाव टाका. बऱ्याच नोंदींत ‘अमुकचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असे असते. चिपळूण सापडले नाही तर रत्नागिरी टाका. सिंधुदुर्ग आणि पालघर हे जिल्हे तेव्हा नव्हतेच. रायगडसाठी कुलाबा, पालघरसाठी ठाणे, सिंधुदुर्गासाठी रत्नागिरी किंवा सावंतवाडी. पंजाबच्या सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरला सापडल्या आणि त्यांचे संगणकीकरण झाले, ही बातमी वाचून काहींनी तिथे शोध घेतला. त्या वह्या पंजाबपुरत्या आहेत, तिथे कोकण मिळणार नाही.

नाव मुळीच नसेल तर? २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मान्य केले की पहिल्या महायुद्धातले ४५,००० ते ५४,००० जण, बहुतांश भारतीय आणि आफ्रिकी, असमान रीतीने स्मरले गेले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावे कोरलीच गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. तेव्हापासून राहिलेली नावे घेण्याचे काम चालू आहे. तुम्ही पाठवायचे ते एवढे: तबकडीचा आणि पदकांच्या कडेचा स्पष्ट फोटो, सेवेचा किंवा पेन्शनचा कागद, मृत्यूची तारीख दाखवणारा कोणताही समकालीन पुरावा आणि नात्याचा तक्ता. घरच्या मोडी कागदाचे लिप्यंतर जोडा, मूळ कागद टपालाने पाठवू नका. शौर्यपदकाचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. पदकाची घोषणा राजपत्रात होत असे, आणि तिथे नाव, क्रमांक व पलटण सापडली की बाकीचे धागे जुळतात.

प्रश्न (खेड, जि. रत्नागिरी): शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके मेले’ असे इंग्रजीत लिहिले आहे. तिच्यावर वर्षानुवर्षे ऑइलपेंट चढलाय. साफ कशी करावी?

उत्तर: १९१४ ते १९१९ असे साल लिहिलेल्या या पाट्या महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत. आकडे असतात, नावे नसतात. अपशिंगे मिलिटरीला पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे, तसा मान थोड्याच गावांना मिळाला. बाकीच्या पाट्या पंधरा ऑगस्टच्या रंगरंगोटीत भिंतीबरोबर रंगत गेल्या.

संगमरवराला आम्ल चालत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बाथरूमचे ॲसिड, सगळे बाद. तांब्याची भांडी उजळतात म्हणून दगडही उजळेल असे नाही. आम्लाने संगमरवराचा वरचा थर विरघळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. कॉस्टिक सोडाही नको, तो दगडात मुरतो आणि पुढे क्षार बाहेर येऊन पृष्ठभाग भुरभुरतो. तारेचा ब्रश, ग्राइंडर, प्रेशर वॉशर यांना तर हातच लावू नका.

रंग काढायचा तो रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या जेलसारख्या पेंट रिमूव्हरने. आधी कोपऱ्यात चार बोटे जागेवर लावून पाहा. जेलचा जाड थर द्या, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा, रिमूव्हरच्या डब्यावर दिलेला वेळ थांबा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने थर उचला. एका फेरीत एक-दोन थर निघतात, तीन-चार फेऱ्या लागतील. अक्षरांत बसलेला रंग बांबूच्या टोकदार काडीने काढा. काही पाट्यांच्या अक्षरांत शिसे ठोकून भरलेले असते. तिथे खिळा किंवा दाभण घातले की शिसे उचकटून येते आणि परत बसत नाही. शेवटी भरपूर साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. खाली चुन्याचे थर असतील तर ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू सोडवा.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिशाचे संयुग असू शकते. कोरडे घासू नका, धूळ पोटात जाते. काम सुट्टीच्या दिवशी, मुले नसताना, मास्क आणि हातमोजे घालून करा. निघालेला रंग कागदात गुंडाळून टाका, शाळेच्या बागेत नको. आणि मुख्याध्यापकांना सांगून पाटीभोवती चार इंच जागा रंगाविना सोडायची चौकट आखून घ्या. नाहीतर पुढच्या ऑगस्टला पुन्हा तेच.

प्रश्न (कडेगाव, जि. सांगली): आमच्या गावच्या वीर चक्र विजेत्या जवानाची स्मृतिशिला उभारायची आहे. वर्गणी जमली आहे. जागा, दगड, मजकूर याबाबत मार्गदर्शन करावे.

उत्तर: वर्गणी आधी जमली की घाई होते, आणि चुका घाईतच होतात. कामाचा क्रम असा ठेवा: मजकूर, जागा, पाया, दगड. बहुतेक समित्या नेमक्या उलट्या जातात.

मजकूर रेकॉर्ड ऑफिसकडून तपासून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून सैनिक क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, मृत्यूची तारीख व ठिकाण आणि पदकाचे नाव लेखी मागवा. मराठा रेजिमेंटचे रेकॉर्ड बेळगावला आहे. हुद्दा मृत्यूसमयीचा लिहायचा. पदकांत घोळ होतो तो असा: परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची. ती २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही शत्रूसमोर नसलेल्या शौर्याची. शेवटच्या दोन पदकांची ही नावे १९६७ पासूनची. त्याआधी ती अशोक चक्र वर्ग २ आणि वर्ग ३ होती, म्हणून १९६५ चा ‘अशोक चक्र वर्ग ३’ दगडावर नुसता ‘अशोक चक्र’ झाला की ती खोटी नोंद ठरते. अनेक पदके असतील तर वरिष्ठ पदक आधी. ‘मरणोत्तर’ पदकाच्या नावापुढे कंसात.

प्रशस्तिपत्र अख्खे कोरू नका. दोनशे शब्द दगडावर कुणी वाचत नाही आणि अक्षर बारीक करावे लागते. कृतीचे ठिकाण, तारीख आणि दोन वाक्ये पुरेत. देणगीदारांची यादी त्याच दगडावर नको. पाहिजे तर चौथऱ्याच्या मागे वेगळी पाटी लावा. खर्च देणाऱ्याचे नाव जवानाच्या नावाहून मोठे झालेली स्मारके जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. चार सिंहांची राजमुद्रा कोरू नका. २००५ च्या कायद्याने तिचा असा वापर बंद आहे. रेजिमेंटचे चिन्ह घालायचे तर रेजिमेंटची लेखी परवानगी घ्या.

जागेसाठी ग्रामसभेचा ठराव, सातबारा आणि रस्त्याच्या हद्दीची खात्री लागते. सार्वजनिक रस्त्यावर आणि पदपथावर पुतळे उभारायला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली आहे. पुतळा करायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि कला संचालनालयाची मान्यता हा लांबचा प्रवास. त्यापुढे साधी शिळा कधीही सोपी, आणि चेहरा बिघडण्याचा धोकाही नाही. शिळेचे तोंड पूर्वेकडे ठेवा. उत्तरेला तोंड केले तर ऊन लागत नाही, शेवाळ धरते आणि अक्षर सपाट दिसते. वड-पिंपळ जवळ लावू नका.

पाया तुमच्याकडे महत्त्वाचा, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन-तीन वर्षांत शिळा झुकते ती याच कारणाने. कठीण मुरूम लागेपर्यंत खणा. खोलच असेल तर किमान एक मीटर काळी माती काढून १५ सेंटिमीटरच्या थरांत मुरूम भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसा. वर १:४:८ चे (सिमेंट, वाळू, खडी) १० सेंटिमीटर काँक्रीट, मग चौथरा. किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय दगड चढवू नका.

दगड काळा, पॉलिश केलेला, १२० × ६० × ८ सेंटिमीटर धरला तर वजन १७० किलोच्या आसपास जाते. चार माणसांनी हाताने उभा करायचा अट्टहास नको, चेन-पुली लावा. खालचे ३० सेंटिमीटर चौथऱ्याच्या खाचेत बसवा आणि १२ मिलिमीटरच्या दोन स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या इपॉक्सीत घाला. साधी सळई वापरली तर ती गंजून फुगते आणि काही पावसाळ्यांनी दगडाचा कोपरा फुटतो. चौथऱ्याचा माथा सपाट नको. पाणी निथळेल इतका उतार द्या.

अक्षरे नावासाठी ५० मिलिमीटर, बाकी मजकुरासाठी २५ ते ३०. खोली मोठ्या अक्षराला ५, लहानाला ३ मिलिमीटर. त्याहून लहान अक्षर घेतले तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक मिटतो. आज बहुतेक काम यंत्रावर होते, आणि देवनागरी तिथेच मोडते. तुम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर कारखान्यात दुसऱ्या फाँटमध्ये जातो, ‘ऱ्या’चे दोन तुकडे होतात, ‘क्ष’ सुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो. मजकूर आउटलाइन केलेल्या, म्हणजे अक्षरांचे आकारात रूपांतर केलेल्या, पीडीएफमध्येच द्या. कारखाना राज्याबाहेर असेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, तेही तपासा. कोरण्याआधी खऱ्या मापाची कागदी प्रत भिंतीवर लावा आणि घरच्या दोघांनी व गावाबाहेरच्या एकाने ती वाचून सही करावी. गावातला माणूस चूक असूनही बरोबर वाचतो.

अक्षरांत सोनेरी रंग भरण्याचा आग्रह कारागीर धरतील. दोन-तीन पावसाळ्यांत तो काळपटतो, आणि मग दरवर्षी नवा हात, दर हाताला कडा बिघडतात. पॉलिश काळ्या दगडावर नुसते कोरलेले अक्षर करडे-पांढरे दिसते, ते पुरेसे असते. ब्राँझची पाटी लावायची झाल्यास लोखंडी स्क्रू नकोत, आणि पाटीखाली फिकट दगड नको, कारण हिरवे ओघळ उतरतात. शिवाय ब्राँझ चोरीला जाते. मागून खुंट्या असलेली, समोर एकही स्क्रू नसलेली पाटी घ्या.

प्रश्न (अलिबाग): अनावरणाला स्मारक तिरंग्याने झाकावे की शाल घालावी?

उत्तर: तिरंग्याने मुळीच नाही. ध्वजसंहितेनुसार पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही. तो शेजारी स्वतंत्र काठीवर लावायचा. झाकायला साधे पांढरे किंवा भगवे कापड घ्या, दोरी एका हिसक्यात सुटते का ते आदल्या दिवशी पाहा. स्मारकावर कायम ध्वज फडकवायचा असेल तर फाटलेला, विटलेला ध्वज उतरवण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी द्या.

प्रश्न (नाशिक): १९६५ च्या लढाईत कामी आलेल्या काकांचे नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहे का? स्पेलिंग चुकले असेल तर?

उत्तर: हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले तेव्हा त्यागचक्राच्या भिंतींवर २५,९४२ नावे होती. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण दिलेल्यांची ही नोंद, एका नावाला ग्रॅनाइटची एक वीट. आवारातल्या संगणकावर नाव टाकले की वीट कुठे आहे ते कळते. १९६५ मध्ये बहुतेकांचे दहन सीमेजवळच झाले. १६ सप्टेंबर १९६५ रोजी पडलेले पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे अर्देशिर तारापोर यांचेही अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे रणभूमीवरच झाले. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे परमयोद्धा स्थळी आहेत, त्यांत तारापोर आणि राणे दोघेही भेटतील. स्पेलिंगची दुरुस्ती स्मारकाच्या कार्यालयाकडे नव्हे, काकांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागा, कारण विटेवरचे नाव तिथूनच गेलेले असते. रोज संध्याकाळी एका कामी आलेल्या सैनिकाच्या नातलगाच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. त्यासाठी नाव द्यायचे असेल तर दिल्लीला जाण्याची तिकिटे काढण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा आणि नात्याचा दाखला तयार ठेवा.